सभागृहाला दिलेली उत्तरे

(घटना समितीतील डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या उत्तरांच्या संकलनाची प्रस्तावना)

भारताच्या संविधानावर मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. कलमांवरची भाष्ये आहेत, बाबासाहेबांची चरित्रे आहेत, आणि २५ नोव्हेंबर १९४९ चे त्यांचे भाषण तर दर संविधानदिनी ठिकठिकाणी वाचले जाते. त्यामानाने ४ नोव्हेंबर १९४८ ला मसुदा सभागृहापुढे आला तेव्हाचे भाषण आणि हे समारोपाचे भाषण यांच्या मधल्या वर्षभराकडे आपले लक्ष फारसे गेलेले नाही. त्या वर्षात मसुदा समितीचे अध्यक्ष सभागृहात पुन्हा पुन्हा उभे राहत होते आणि सदस्यांना उत्तर देत होते. काही उत्तरे एका वाक्यात आटोपलेली आहेत, तर काही छोट्या निबंधाएवढी आहेत. कुठे होकार आहे, कुठे ठाम नकार, आणि एका मोठ्या प्रश्नावर तर दोन्ही बाजू मांडून निर्णय सभागृहावर सोपवलेला आहे. या संकलनात ती उत्तरे, ज्या प्रश्नांना ती दिली गेली त्या प्रश्नांसह, एकत्र आणली आहेत.

ही उत्तरे वेगळी काढून वाचण्याचे कारण सरळ आहे. संविधानाचा मजकूर मतदानाने मंजूर झाला. त्या मजकुराचा अर्थ मात्र या प्रश्नोत्तरांत घडला. एखादा शब्द का ठेवला, एखादी सूचना का नाकारली, एखादा अधिकार किती ताणता येईल, याची कारणे कलमात लिहिलेली नसतात. कुणीतरी उठून विचारल्यावरच ती बोलली जातात. सभागृहात कुणी विचारले नसते, तर आपल्या हाती नुसती कलमे आली असती.

त्या दिवसांत कामकाज कसे चाले हे आधी समजून घेतले पाहिजे. मसुदा समिती २९ ऑगस्ट १९४७ रोजी नेमली गेली. तिने तयार केलेला मसुदा फेब्रुवारी १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ३१५ कलमे आणि ८ परिशिष्टे होती. लोकांना आणि सदस्यांना तो वाचायला आठ महिने मिळाले. नोव्हेंबरात तो रीतसर मांडला गेला आणि १५ नोव्हेंबर १९४८ पासून १७ ऑक्टोबर १९४९ पर्यंत कलमवार चर्चा झाली. एकेक कलम चर्चेला येई, ज्यांनी दुरुस्त्या सुचवल्या असतील ते त्या मांडत, इतर सदस्य बाजूने किंवा विरोधात बोलत, मग डॉ. आंबेडकर उत्तर देत आणि शेवटी मतदान होई. एकूण सुमारे ७,६३५ दुरुस्त्या दाखल झाल्या; त्यांपैकी २,४७३ प्रत्यक्ष सभागृहात मांडल्या गेल्या. यांतल्या काही दुरुस्त्या स्वल्पविरामाच्या होत्या, तर काही राज्याच्या स्वरूपालाच हात घालणाऱ्या. दोन्हींना एकाच बाकावरून उत्तर द्यायचे होते.

हे ओझे बरेचसे एकट्या माणसावर पडले होते. ५ नोव्हेंबर १९४८ रोजी टी. टी. कृष्णम्माचारी यांनी सभागृहाला ते उघडपणे सांगितले. समितीतल्या एकाने राजीनामा दिला होता, एकाचे निधन झाले होते, एक अमेरिकेत होते, कुणी संस्थानांच्या कामात अडकले होते, एकदोघे दिल्लीपासून दूर होते. कामाचा भार अखेर डॉ. आंबेडकरांनी वाहिला.

या कामाची त्यांची तयारी मुंबईत झाली होती. १९२७ पासून ते मुंबई विधिमंडळाचे सदस्य होते आणि सरकारला प्रश्न विचारणाऱ्यांच्या बाजूला बसत होते. १९३७ मध्ये स्वतंत्र मजूर पक्षाचे नेते म्हणून निवडून आल्यावर त्यांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. सत्ता हाती नसताना सभागृहात मुद्दा कसा लावून धरायचा, हे ते तिथे शिकले. पुढे १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य असताना मध्यवर्ती कायदेमंडळात उत्तरे देण्याची पाळी त्यांच्यावर आली. प्रश्न विचारणे आणि उत्तर देणे या दोन्ही बाजू त्यांनी अनुभवल्या होत्या. घटना समितीत ते प्रथम बंगालमधून आले; फाळणीनंतर ती जागा गेली आणि १९४७ मध्ये मुंबई प्रांताने त्यांना पुन्हा निवडून पाठवले. मराठी वाचकाशी या उत्तरांचा असा प्रत्यक्ष संबंध आहे.

संकलनात वाचकाला पहिल्यांदा भेटेल ते खेड्यांविषयीचे प्रकरण. ४ नोव्हेंबरच्या भाषणात बाबासाहेबांनी ग्रामव्यवस्थेवर अत्यंत कठोर टीका केली. खेडे म्हणजे संकुचितपणा, अज्ञान आणि जातीयता यांचे आगर आहे, आणि मसुद्याने खेड्याऐवजी व्यक्तीला घटक मानले याचा आपल्याला आनंद आहे, असे ते म्हणाले. गावकुसाबाहेरचे जगणे ज्यांनी भोगले होते, त्यांच्या वतीने ते बोलत होते. सभागृहात त्याचे तीव्र पडसाद उमटले. ह. वि. कामत यांनी दुसऱ्याच दिवशी या दृष्टिकोनाला शहरी विद्वानाचा दृष्टिकोन ठरवले. इतर अनेकांनी गांधीजींच्या ग्रामस्वराज्याची आठवण करून दिली. २२ नोव्हेंबर रोजी के. संतानम यांनी ग्रामपंचायती स्थापण्याची जबाबदारी राज्यावर टाकणारी दुरुस्ती मांडली, तेव्हा बाबासाहेबांनी ती आपण स्वीकारतो, एवढेच सांगितले. जुन्या मताचा बचाव त्यांनी केला नाही, आणि मत बदलल्याचा देखावाही केला नाही. सभागृहाचा कल त्यांनी ओळखला आणि त्याला वाट करून दिली. ते कलम आज चाळिसावे आहे. पंचायतींना घटनात्मक दर्जा देणारी १९९२ ची ७३ वी घटनादुरुस्ती याच कलमाचा आधार घेऊन आली. चर्चेत दिलेल्या दोन ओळींच्या होकाराचा प्रवास कुठवर जातो, ते इथे दिसते.

नकाराचा उत्तम नमुना प्रा. के. टी. शहा यांना दिलेल्या उत्तरात सापडतो. अर्थशास्त्राचे अभ्यासक असलेल्या शहांनी १५ नोव्हेंबर १९४८ रोजी पहिल्याच कलमात भारताचे वर्णन धर्मनिरपेक्ष, संघराज्यात्मक, समाजवादी असे करावे, अशी दुरुस्ती मांडली. बाबासाहेबांनी ती दोन कारणांनी नाकारली. संविधान ही राज्याच्या अंगांचे नियमन करणारी यंत्रणा आहे. समाजाची आर्थिक घडी कशी असावी हे त्या त्या काळच्या लोकांनी ठरवायचे, ते संविधानातच बांधून टाकले तर लोकांचे स्वातंत्र्य हिरावले जाईल, हे पहिले कारण. दुसरे असे की, शहांना हवा असलेला आशय मार्गदर्शक तत्त्वांत आधीच आहे. या उत्तरात शहांच्या हेतूविषयी शंका नाही, समाजवादाची हेटाळणी नाही. मतभेद नेमका कुठे आहे तेवढे बोट ठेवून दाखवले आहे. १९७६ मध्ये ४२ व्या दुरुस्तीने समाजवादी आणि धर्मनिरपेक्ष हे शब्द सरनाम्यात आले, तेव्हापासून आजतागायत दोन्ही बाजूंचे लोक याच प्रश्नोत्तराकडे वळतात. दोघांनाही तिथे आपल्या विचाराला खाद्य मिळते, कारण प्रश्न आणि उत्तर दोन्ही पूर्ण ताकदीने मांडले गेले होते.

काही उत्तरांत तपशिलाची तयारी विशेष दिसते. २३ नोव्हेंबर १९४८ रोजी समान नागरी कायद्याच्या कलमावर अनेक मुस्लिम सदस्यांनी दुरुस्त्या मांडल्या. मुसलमानांचा वैयक्तिक कायदा सर्व देशात पूर्वापार एकच आणि अचल आहे, असा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा होता. बाबासाहेबांनी उत्तरात दाखले दिले. वायव्य सरहद्द प्रांतात १९३५ पर्यंत वारशासारख्या बाबतींत मुसलमानांना हिंदू कायदाच लागू होता. मुंबई, मध्य प्रांत, संयुक्त प्रांत या भागांतही १९३७ पर्यंत वारशाच्या बाबतीत बऱ्याच प्रमाणात तीच स्थिती होती. उत्तर मलबारात मरुमक्कथायम ही मातृवंशीय वारसा पद्धत हिंदूंप्रमाणे मुसलमानांनाही लागू होती. युक्तिवाद खोडून काढल्यावर ते तिथेच थांबले नाहीत. विचारणाऱ्यांच्या मनातली भीती त्यांनी ओळखली होती. राज्य असा कायदा लोकांवर लादेलच असे कलमात कुठे नाही, आणि सुरुवातीला जे स्वखुशीने घोषणा करतील त्यांनाच तो लागू करण्याची वाट भावी संसद काढू शकेल, असे त्यांनी सांगितले. पुराव्याला पुराव्याने आणि भीतीला दिलाशाने, अशा दोन पातळ्यांवर दिलेले हे उत्तर आहे. आज या विषयावर बोलणारे बहुतेक जण त्यातला आपल्या सोयीचा अर्धा भाग उचलतात. या संकलनात ते सलग वाचता येईल.

३० नोव्हेंबरचे उत्तर राखीव जागांच्या प्रश्नावरचे आहे. सर्वांना समान संधी असावी आणि कोणतेही आरक्षण नसावे, असे एक मत सभागृहात होते. प्रशासनातून आजवर वगळल्या गेलेल्या समाजांना वाटा मिळालाच पाहिजे, असे दुसरे मत तितकेच प्रबळ होते. दोन्हींचा मेळ घालायचा तर राखीव जागा एकूण जागांच्या अल्प भागापुरत्या असाव्या लागतील, नाहीतर समान संधीचे तत्त्वच उरणार नाही, आणि त्यासाठीच ‘मागासलेला’ हे विशेषण घातले आहे, अशी मांडणी त्यांनी केली. ‘मागासलेला’ कोणाला म्हणायचे याची व्याख्या नसल्याने हे संविधान वकिलांचे नंदनवन होईल, अशी टीका कृष्णम्माचारी यांनी केली होती. त्यावर बाबासाहेबांनी विचारले की, वकिलांना वाव न देणारे संविधान जगात कुठे आहे ते दाखवा. अर्थ लावण्याचे काम न्यायालयांकडे जाणार, हे त्यांनी मोकळेपणाने मान्य केले. तसेच घडले. १९९२ मध्ये इंद्रा साहनी खटल्यात नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठापुढे आरक्षणाच्या मर्यादेचा प्रश्न आला, तेव्हा त्या दिवसाचे हे उत्तर निकालपत्रात आले. पन्नास टक्क्यांच्या मर्यादेवर महाराष्ट्रात गेली कित्येक वर्षे जी चर्चा चालू आहे, तिचे एक मूळ या उत्तरात आहे.

माझ्या मते या संकलनातले सर्वांत मोलाचे पान मात्र ज्या दिवशी बाबासाहेबांना निश्चित उत्तर देता आले नाही, त्या दिवसाचे आहे. जीवित आणि व्यक्तिस्वातंत्र्य यांच्या कलमात कायद्याने घालून दिलेली कार्यपद्धती एवढेच शब्द पुरेत की अमेरिकेच्या धर्तीवर न्यायालयांना कायद्याचा आशयही तपासता यावा, हा वाद होता. काझी सय्यद करीमुद्दीन यांच्यासारखे सदस्य नागरिकाच्या बाजूने आग्रहाने बोलले होते. १३ डिसेंबर १९४८ रोजी उत्तर देताना बाबासाहेबांनी दोन्ही धोके सांगितले. पक्षशिस्तीने बांधलेले कायदेमंडळ मूलभूत हक्कांवर घाला घालू शकते. दुसरीकडे पाचसहा न्यायाधीशांनी आपल्या व्यक्तिगत मतानुसार लोकनियुक्त कायदेमंडळाचे कायदे मोडीत काढावेत, हेही सहज पटणारे नाही. या दोहोंतून मार्ग काढणे आपल्याला कठीण वाटते, तेव्हा सभागृहाने योग्य वाटेल ते ठरवावे, असे ते म्हणाले. सभागृहाने मूळ शब्द कायम ठेवले.

पण प्रश्न त्यांच्या मनातून गेला नव्हता. नऊ महिन्यांनी, १५ सप्टेंबर १९४९ रोजी, त्यांनी एक नवे कलम आणले. अटक झालेल्या माणसाला अटकेची कारणे सांगितली पाहिजेत, वकिलाचा सल्ला घेऊ दिला पाहिजे आणि चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभे केले पाहिजे, ही आजच्या बाविसाव्या कलमातली हमी तेव्हा आली. आपल्या मसुद्यातल्या आधीच्या कलमावर बाहेर सर्वाधिक टीका झाली आणि त्याची भरपाई म्हणून हे कलम आणत आहोत, असे त्यांनी स्वतः सांगितले. त्या दिवशी अपुरे राहिलेले उत्तर त्यांनी असे पुरे केले. सभागृहातली जबाबदारी याहून स्पष्टपणे क्वचितच दिसते.

हा संग्रह गौरवग्रंथ नाही, म्हणून जिथे उत्तर मिळाले नाही त्या जागाही त्यात आहेत. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी अस्पृश्यता नष्ट करणारे कलम चर्चेला आले. नझिरुद्दीन अहमद यांनी त्याला नेमकेपणा आणणारी दुरुस्ती मांडली, आणि अस्पृश्यता म्हणजे काय याची व्याख्या मसुद्यात नाही, हे प्रा. शहांनी लक्षात आणून दिले. बाबासाहेबांनी अहमद यांची दुरुस्ती नाकारली आणि शहांच्या मुद्द्यावर काही बोलण्यास नकार दिला. व्याख्या आजही संविधानात नाही. ज्या विषयावर त्यांच्याइतका अधिकार त्या सभागृहात कुणाचाच नव्हता, त्या विषयावर ते गप्प राहिले. त्या मौनाचा अर्थ अभ्यासकांनी वेगवेगळा लावावा. नोंद मात्र आहे तशी वाचकापुढे राहिली पाहिजे.

राज्य सरकारे बरखास्त करण्याच्या अधिकाराविषयीचे उत्तरही असेच आहे. या अधिकाराचा दुरुपयोग होईल, अशी भीती ऑगस्ट १९४९ मध्ये सदस्यांनी व्यक्त केली. दुरुपयोग होऊ शकतो हे बाबासाहेबांनी नाकारले नाही; पण ही कलमे कधी वापरावी लागणार नाहीत आणि कागदावरच राहतील, अशी आशा त्यांनी बोलून दाखवली. पुढच्या काळात राष्ट्रपती राजवट शंभराहून अधिक वेळा लागू झाली. शंका घेणाऱ्यांचे बरोबर ठरले. तरीही ते उत्तर वाया गेले नाही. १९९४ मध्ये बोम्मई खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने या अधिकाराला लगाम घातला, तेव्हा तो अपवाद म्हणूनच वापरायचा होता हे दाखवायला त्या उत्तराचा आधार मिळाला. सत्तेच्या बाजूने दिलेला शब्द नोंदीत राहिला की पुढच्या पिढीला सत्तेकडे बोट दाखवता येते.

उत्तरांइतकेच प्रश्नकर्त्यांकडेही वाचकाने लक्ष द्यावे. पापळचे पंजाबराव देशमुख नागरिकत्वाच्या कलमांवर हिरिरीने बोलले. मसुद्यातल्या तरतुदींमुळे भारताचे नागरिकत्व फार स्वस्त होईल, असे त्यांचे म्हणणे होते. ही कलमे संविधान लागू होण्याच्या दिवसापुरती आहेत आणि पुढचा कायदा संसद करेल, असे उत्तर त्यांना मिळाले, आणि नागरिकत्वाचा तो कायदा १९५५ मध्ये झाला. देशमुखांप्रमाणेच कामत आणि सिधवा हेही मध्य प्रांत-वऱ्हाडातून निवडून आले होते. शिब्बनलाल सक्सेना, ठाकुरदास भार्गव, के. टी. शहा, हृदयनाथ कुंझरू हेही असेच न थकणारे सदस्य होते. समारोपाच्या भाषणात बाबासाहेबांनी या सर्वांची नावे घेऊन आभार मानले. सगळेच माना डोलावणारे असते तर हे कामकाज नीरस झाले असते, त्यांच्या सूचना आपण स्वीकारल्या नाहीत म्हणून त्यांचे मोल कमी होत नाही, आणि त्यांच्यामुळेच संविधानामागची तत्त्वे उलगडून सांगण्याची संधी आपल्याला मिळाली, असे ते म्हणाले. तत्त्वे सांगण्याचे हे काम त्यांना मंजुरीच्या यांत्रिक कामापेक्षा महत्त्वाचे वाटत होते. विरोधकाने विचारले म्हणून आपल्याला सांगता आले, ही कृतज्ञता त्यांच्या सगळ्या उत्तरांच्या मुळाशी आहे.

नझिरुद्दीन अहमद यांनी मसुदा समिती दिशाहीन वाहत चालली आहे, असा टोमणा मारला होता. आपणच मांडलेल्या दुरुस्त्या समिती पुन्हा मागे घेते, यावर त्यांचा रोख होता. बाबासाहेबांनी शेवटच्या भाषणात त्याचेही उत्तर दिले. अधिक चांगल्याच्या शोधात असणे म्हणजे भरकटणे नव्हे, आणि चुकीची वाटलेली दुरुस्ती मागे घेण्याचे धैर्य दाखवले नसते तर समितीने कर्तव्यात कसूर केली असती, असे त्यांनी बजावले. खोट्या प्रतिष्ठेपायी चूक कवटाळून बसणे त्यांना मान्य नव्हते.

एक मर्यादा मात्र वाचकाने ध्यानात ठेवावी. घटना समितीत काँग्रेसचे प्रचंड बहुमत होते आणि अनेक कलमांवरचा निर्णय पक्षाच्या बैठकीत आधीच होत असे. काँग्रेसच्या शिस्तीमुळेच काम सुरळीत झाले, हे बाबासाहेबांनीही समारोपात मान्य केले. या उत्तरांत त्यामुळे सगळा निर्णयप्रवास दिसत नाही. तरीही बंद दाराआड ठरलेल्या गोष्टीलासुद्धा सभागृहात कारण द्यावे लागले आणि ते कारण नोंदीत आले, हे थोडे नाही.

ही उत्तरे इंग्रजीत दिली गेली. महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या बाबासाहेबांच्या लेखन आणि भाषणांच्या तेराव्या खंडात ती आहेत. परंतु सामान्य मराठी वाचक त्या जाडजूड खंडापर्यंत क्वचित पोहोचतो. त्याच्यापर्यंत प्रश्न आणि उत्तर शेजारी शेजारी ठेवून पोहोचावे, हा या संकलनाचा उद्देश आहे. वाचताना आधी प्रश्न वाचा, त्याला आपण काय उत्तर दिले असते याचा विचार करा, आणि मगच पुढे जा, एवढी विनंती आहे. विद्यार्थ्यांना आणि ग्रामपंचायतीपासून विधिमंडळापर्यंत निवडून गेलेल्या सर्वांना हे विशेष उपयोगी पडेल.

आपल्या सभागृहांत आजही उत्तरे दिली जातात. तारांकित प्रश्न आहेत, लक्षवेधी सूचना आहेत, अर्धा तास चर्चा आहे. माहिती घेऊन पटलावर ठेवू, तपासून कारवाई करू, अशी आश्वासने मंत्री देतात आणि ती पाळली गेली की नाही हे पाहण्यासाठी आश्वासन समिती असते. लोकसभेत अशी समिती १९५३ पासून आहे आणि आश्वासन तीन महिन्यांत पुरे करण्याचा दंडक आहे. साधने पुरेशी आहेत. ती वापरण्याची वृत्ती मात्र नियमावलीतून येत नाही. विचारलेल्या प्रश्नालाच उत्तर द्यायचे, नाकारताना कारण द्यायचे, विचारणाऱ्याला आपल्या बरोबरीचा मानायचे आणि अपुरे राहिलेले उत्तर पुरे करायला परत यायचे, ही शिस्त घटना समितीच्या या पानांत जिवंत दिसते. प्रश्न विचारणारा गप्प बसला किंवा उत्तर देणारा निसटला, तर कायदे होत राहतील, पण ते का केले हे कुणालाच सांगता येणार नाही. म्हणून आपण निवडून दिलेल्या माणसाने सभागृहात काय विचारले आणि त्याला काय उत्तर मिळाले, हे दर अधिवेशनानंतर त्याच्याकडून मागून घेणे हा प्रत्येक मतदाराचा अधिकार आहे. या संकलनामुळे तो अधिकार बजावणाऱ्या वाचकांची संख्या वाढली, तर ते सिद्ध करण्याचे श्रम सार्थकी लागतील.